स्टुडंट म्हणून ओपन सोर्स प्रोजेक्ट निवडताय? स्टार नका बघू, बंद झालेले पीआर बघा

ओपन सोर्समध्ये काहीतरी करायचं हे एकदा डोक्यात बसलं की बहुतेक मुलं काय करतात, गिटहब उघडतात, सगळ्यात जास्त स्टारवाले रेपो (प्रोजेक्टचा कोड ठेवायची जागा) शोधतात, रिअ‍ॅक्ट, व्हीएस कोड, टेन्सरफ्लो, कुबर्नेटीस वगैरे, मग इश्यूंची (नोंदवलेले बग, मागण्या) यादी बघतात तर तिथे हजारो इश्यू, आणि जे सोपे म्हणून लेबल लावलेत त्या प्रत्येकाखाली आधीच रांग लागलेली, "मला असाइन करा प्लीज". आठवडाभरात उत्साह गार. मग म्हणतात आपल्याला जमण्यातलं नाही हे. अरे जमण्याचा प्रश्नच आलेला नाही अजून, कोडची एक ओळ तरी कुठे लिहिलीत, चुकली ती निवड.

गिट, फोर्क, ब्रांच, पुल रिक्वेस्ट (पीआर, म्हणजे आपला बदल मूळ प्रोजेक्टमध्ये घ्या अशी विनंती) हे येतं असं धरून पुढे चालतो. येत नसेल तर फर्स्ट काँट्रिब्युशन्स नावाचा सरावासाठीचाच एक रेपो आहे, तिथे अर्धा तास घालवा आणि परत या. (तिथला मर्ज झालेला पीआर रेझ्युमेमध्ये मात्र टाकू नका, इंटरव्ह्यू घेणाऱ्यांना तो रेपो चांगला माहीत असतो.)

आधी स्वतःचा हिशोब

तीन गोष्टी लिहून काढा. परीक्षा वगैरे धरून आठवड्याला खरोखर किती तास देता येतील, लॅपटॉपची रॅम आणि मोकळी डिस्क किती आहे, आणि हे सगळं कशासाठी करायचंय. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लपवायची काही गरज नाही, समर ऑफ कोडसाठी (नवख्यांना ओपन सोर्स प्रोजेक्टवर काम करायला देणारा गूगलचा उपक्रम), नोकरीसाठी, एखादी लायब्ररी आतून कशी चालते ते बघायला, सगळी कारणं चालतात, फक्त कारण बदललं की योग्य प्रोजेक्टही बदलतो.

मशीनचा मुद्दा लोक हमखास विसरतात. क्रोमियमचा (क्रोम ब्राउझरचा ओपन सोर्स पाया) सोर्स घेऊन बिल्ड करायचा, म्हणजे त्यातून चालणारा प्रोग्रॅम बनवायचा, तर किमान १०० जीबी मोकळी डिस्क पाहिजे आणि रॅम १६ जीबीच्या वर असलेली बरी, हे त्यांच्याच डॉक्समध्ये लिहिलंय. ८ जीबीच्या लॅपटॉपवर हे करायला गेलात तर रात्रभर पंखा ऐकत बसाल. कंपायलरसाठीच्या एलएलव्हीएमचंही तसंच, लिंकिंगच्या वेळी रॅम संपते. उलट फायरफॉक्सचा ब्राउझर तेवढाच अवाढव्य असूनही त्यांनी आर्टिफॅक्ट बिल्ड नावाची सोय ठेवलीय, म्हणजे सीप्लसप्लसचा भाग आधीच बिल्ड केलेला डाउनलोड होतो आणि तुम्ही फक्त जावास्क्रिप्ट, सीएसएस बदलून बघू शकता, साधा लॅपटॉप पुरतो. तेव्हा "मोठा प्रोजेक्ट म्हणजे जड मशीन" असं सरसकट नसतं, डॉक्समधलं बिल्डचं पान वाचल्याशिवाय ठरवू नका.

यादी कुठून आणायची

जे तुम्ही वापरता तिथून, दुसरं उत्तर नाही. तुमच्या मिनी प्रोजेक्टची रिक्वायरमेंट्सची फाइल किंवा पॅकेज जेसन उघडा, त्यात जी नावं आहेत ती सगळी कोणीतरी सांभाळतंय. एडिटर कोणता वापरता, टर्मिनल, पीडीएफ रीडर, नोट्सचं अ‍ॅप, त्यातलं ओपन सोर्स काय काय ते लिहा. वापरणाऱ्याला एक फायदा आपसूक मिळतो, कुठे दुखतं ते त्याला आधीच माहीत असतं. मॅटप्लॉटलिबमध्ये लेजंड नको तिथे जाऊन बसतो म्हणून ज्याने डोकं आपटलंय त्याला त्याबद्दलचा इश्यू वाचला की लगेच कळतो, बाकीच्यांना आधी प्रश्न समजून घेण्यातच दोन दिवस जातात.

"गुड फर्स्ट इश्यू" गोळा करून दाखवणाऱ्या साइट्स आहेत, त्या वाईट नाहीत, पण तिथून सुरुवात केली की ज्याचं नावही कधी ऐकलं नाही अशा प्रोजेक्टमध्ये जाऊन पडता आणि मग काम ओढत न्यावं लागतं. यादी आपली असू द्या, लेबल नंतर बघू. आठ-दहा नावं झाली की पुरे.

साइजबद्दल माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. पहिल्या वेळेला मधल्या आकाराचा प्रोजेक्ट बरा, म्हणजे नियमित काम करणारे पाच-पंधरा लोक, वापरणारे भरपूर, आणि नवख्यांसाठी लिहिलेलं काहीतरी. एकट्या माणसाच्या प्रोजेक्टमध्ये शिकायला खूप मिळतं पण तो माणूस आजारी पडला की सगळं ठप्प. आणि अगदी मोठ्या ठिकाणी निम्मा वेळ प्रोसेस शिकण्यात जातो.

दहा मिनिटांची चाळणी

यादीतल्या प्रत्येक नावाला दहा मिनिटं, जास्त नाही. पहिलं, लायसन्सची फाइल आहे का. एमआयटी, अपाची २.०, जीपीएल, काहीही असो, पण असली पाहिजे. कोड गिटहबवर सगळ्यांना दिसतो म्हणजे तो ओपन सोर्स झाला असं नाही, लायसन्सच नसेल तर सगळे हक्क लिहिणाऱ्याकडेच राहतात, असा रेपो सरळ काढून टाका. दुसरं, वर पिवळ्या पट्टीत आर्काइव्ह्ड लिहिलंय का, म्हणजे काम बंद झालंय का. तिसरं, शेवटचा कमिट आणि शेवटचा रिलीज कधीचा. यात एक गंमत असते, रोज कमिट दिसतात आणि तुम्ही खूश होता, नीट बघितलं तर सगळे डिपेंडाबॉटचे (लायब्ररींची व्हर्जन आपोआप वाढवणारा बॉट), माणूस सहा महिन्यांत फिरकलेलाच नाही. म्हणून कमिटची तारीख बघू नका, कमिट करणाऱ्यांची नावं बघा.

चौथं म्हणजे बाहेरच्यांचं काम ते घेतात तरी का. एसक्यूलाइट हा डेटाबेस बघा, जवळपास प्रत्येक फोनमध्ये आहे, कोड पब्लिक डोमेन, पण ते स्वतःच स्पष्ट लिहितात की आम्ही ओपन सोर्स आहोत, ओपन काँट्रिब्युशन नाही. तिथे पॅच पाठवण्यात अर्थ नाही. लिनक्स कर्नलचा गिटहबवरचा रेपो हा नुसता आरसा आहे, तिथे टाकलेला पीआर कोणी बघत नाही, सगळं काम ईमेलवरच्या पॅचने चालतं. पोस्टग्रेसचंही तेच, मेलिंग लिस्ट. व्हीएलसीचं काम त्यांच्या स्वतःच्या गिटलॅबवर चालतं. लिब्रेऑफिस आणि मीडियाविकी गेरिट नावाचं कोड रिव्ह्यूचं वेगळं टूल वापरतात. हे अवघड नाहीये, पण आधी माहीत असलेलं बरं, नाहीतर तुम्ही चकाचक पीआर टाकून महिनाभर वाट बघत बसाल.

आता खरं काम: बंद झालेले पीआर वाचा

चाळणीतून तीन-चार प्रोजेक्ट उरतील. इथे घाई करू नका, प्रत्येकाला एक संध्याकाळ द्या.

पुल रिक्वेस्टच्या टॅबवर जाऊन क्लोज्डवर क्लिक करा. जांभळं चिन्ह म्हणजे मर्ज झालेला, लाल म्हणजे न घेता बंद केलेला. आता नावांच्या बाजूचे छोटे बॅज बघा, ओनर, मेंबर, कोलॅबोरेटर असं लिहिलं असेल तर ती साधारण घरची माणसं, नुसतं काँट्रिब्युटर असेल किंवा काहीच नसेल तर बहुधा बाहेरचा. तुम्हाला बाहेरच्यांचे पीआर शोधायचेत. गेल्या दोन-तीन महिन्यांतले असे वीसेक उघडा आणि वाचा, कोड नाही, गप्पा वाचा.

काय बघायचं? पहिलं उत्तर किती दिवसांनी आलं. दोन दिवस उत्तम, दोन आठवडे ठीक, तीन महिन्यांनी बॉटने येऊन "हा पीआर शिळा झालाय म्हणून बंद करतोय" म्हटलं असेल आणि मधे एकही माणूस बोलला नसेल तर तो प्रोजेक्ट यादीतून उडवा, मग त्याला लाखभर स्टार असोत. दुसरं, नकार कसा देतात. नकाराचे पीआर मर्ज झालेल्यांपेक्षा जास्त शिकवतात. एका ठिकाणी लिहिलेलं असतं, "कल्पना चांगली आहे पण हा बदल पब्लिक एपीआय मोडतो, त्याऐवजी या फाइलमध्ये एक पॅरामीटर वाढवलास तर घेता येईल", आणि दुसरीकडे नुसतं "नको" आणि बंद. पहिल्या ठिकाणी तुम्ही तीन नकार खाल्ले तरी शहाणे होऊन बाहेर पडाल. तिसरं, रिव्ह्यू नुसता स्टाइलवर अडतो की डिझाइनबद्दलही बोलतात. स्पेस आणि कॉमावर चाळीस कॉमेंट्स असतील तर तिथे फॉर्मॅटर लावलेला नाही आणि लोकांकडे रिकामा वेळ आहे, एवढंच कळतं.

इथे एक खाचखळगा आहे. काही ठिकाणी लाल चिन्ह दिसलं म्हणजे नाकारलं असं नसतं. पायटॉर्चमध्ये बॉट कोड आत घेतो आणि पीआर लाल दिसतो, फक्त त्यावर मर्ज्ड असं लेबल लागतं. नोडमध्येही बऱ्याचदा शेवटच्या कॉमेंटमध्ये "लँडेड इन" आणि पुढे कमिटचा नंबर असतो, म्हणजे काम झालंय. हे माहीत नसलं तर तुम्हाला वाटेल इथे सगळ्यांनाच हाकलतात.

त्यानंतर एकदा काँट्रिब्युटिंगची फाइल वाचा. चांगल्या प्रोजेक्टात ती खरी कामाची असते, इश्यू कसा घ्यायचा, टेस्ट कशा चालवायच्या, चेंजलॉगमध्ये ओळ कुठे टाकायची, कमिटखाली साइन्ड ऑफ बाय (हा कोड द्यायचा हक्क मला आहे असं सांगणारी ओळ) लागतं की नाही (लागत असेल तर कमिट करताना डॅश एस दिलं की झालं), की सीएलए सही करावं लागतं. सीएलए म्हणजे तुमच्या कोडबद्दलचा करार, सही करण्याआधी वाचा, आणि कुठे इंटर्नशिप चालू असेल तर तिथल्या अटींशी टक्कर होत नाही ना तेही बघा.

चॅट असेल, झुलिप, डिस्कॉर्ड, मॅट्रिक्स काहीही, तर तिथे जाऊन चार दिवस गप्प बसून वाचा. नवीन माणसाने बाळबोध प्रश्न विचारला की काय होतं? झुलिप प्रोजेक्टची स्वतःची चॅट सगळ्यांना उघडी आहे, नवख्याला कशी वागणूक मिळायला हवी याचा नमुना म्हणून तरी एकदा चक्कर मारा.

बिल्ड झालं तरच पुढे

तीनातला जो सगळ्यात आवडला तो क्लोन करा. हिस्ट्री मोठी असेल आणि नेट रडत असेल तर डेप्थ १ देऊन शॅलो क्लोन घ्या, पूर्ण हिस्ट्री नंतर आणता येते. डॉक्समध्ये लिहिल्याप्रमाणे सेटअप करा आणि एकाही ओळीला हात न लावता सगळ्या टेस्ट चालवा. हे महत्त्वाचं आहे, कारण नंतर दोन टेस्ट लाल दिसल्या की त्या तुमच्यामुळे की आधीपासूनच हे कळलं पाहिजे. काय फेल झालं ते एका फाइलमध्ये सेव्ह करून ठेवा.

सेटअपमध्ये अडकाल, सगळेच अडकतात. आणि तिथेच अनेकदा पहिला पीआर दडलेला असतो, डॉक्समध्ये पायथनचं जुनं व्हर्जन लिहिलंय, उबुंटूवर एखादं पॅकेज जास्तीचं लागतं ते लिहिलेलंच नाही, विंडोजवरची कमांड वेगळी आहे. जुन्या मेंटेनरने (प्रोजेक्ट सांभाळणाऱ्याने) सेटअप वर्षानुवर्षांपूर्वी केलेला असतो, त्याला हे दिसतच नाही, ताजा माणूसच सांगू शकतो. असा पीआर छोटा असला तरी खरा असतो.

दोन शनिवार-रविवार घालवूनही बिल्ड होत नसेल आणि चॅटवर विचारूनही कोणी बोलत नसेल तर सोडा, यादीतला दुसरा घ्या. त्यात कमीपणा काही नाही.

इश्यू कोणता उचलायचा

आता लेबलं बघा. गिटहबवर रेपोच्या पत्त्यापुढे स्लॅश काँट्रिब्यूट टाकलं की नवख्यांसाठीचे इश्यू एका पानावर दिसतात. जँगोमध्ये ट्रॅक नावाच्या त्यांच्या इश्यूंच्या साइटवर ईझी पिकिंग्ज, लिब्रेऑफिसमध्ये ईझी हॅक्स, प्रत्येकाची आपली पद्धत. असाइन करून घ्यायचीही पद्धत वेगळी असते. पांडाजमध्ये इश्यूखाली नुसतं टेक लिहिलं की बॉट तुमच्या नावावर करतो, रस्टमध्ये रस्टबॉटला टॅग करून क्लेम लिहायचं, कुबर्नेटीसमध्ये स्लॅश असाइन. आणि काही ठिकाणी असाइन हा प्रकारच नाही, जो आधी चांगला पीआर आणेल त्याचा. "सर प्लीज असाइन मी" लिहिण्याआधी हे शोधा, आणि सर तर लिहूच नका, समोर सर आहे की मॅडम की तुमच्याहून लहान पोरगा हे तुम्हाला माहीत नसतं.

पण खरं सांगू का, सोपं लेबल लावलेल्या इश्यूंवर इतकी गर्दी असते की दुसऱ्या वाटेने गेलेलं बरं. एक म्हणजे ज्या बगवर "रिप्रोड्यूस करून पाहिजे", म्हणजे तोच बग पुन्हा घडवून दाखवा, असं लिहिलंय तो घ्या. आपल्या मशीनवर करून बघा, आणि मग कॉमेंट टाका, "मेन ब्रांचच्या या कमिटवर, पायथन ३.१२, उबुंटू २४.०४, खालच्या सात ओळी चालवल्या की क्रॅश होतो, रिकामी लिस्ट दिली तरच होतो, एक एलिमेंट असला की होत नाही". अशी एक कॉमेंट मेंटेनरचा तासभर वाचवते आणि तुमचं नाव लक्षात राहतं. त्यातून बग कुठल्या फंक्शनमध्ये आहे तेही बरेचदा हाताला लागतं, मग पीआर तुम्हीच टाका की. आधीच्या व्हर्जनमध्ये चालत होतं असं कोणी लिहिलं असेल तर गिट बायसेक्ट चालवून नेमका कुठल्या कमिटने मोडलं ते शोधून द्या, हे काम फार कमी लोक करतात.

दुसरी वाट म्हणजे अर्धवट सोडलेले पीआर. कोणीतरी ऐंशी टक्के काम केलं, रिव्ह्यूमध्ये दोन बदल सांगितले, आणि तो गायब. आधी त्याला विचारा की मी पुढे नेऊ का, आठवडाभर थांबा, मग त्याचे कमिट तसेच ठेवून किंवा को-ऑथर्ड बाय लिहून पूर्ण करा. दिशा आधीच मान्य झालेली असते, त्यामुळे मर्ज व्हायची शक्यता बरीच जास्त.

कोड नको असेल तर भाषांतर आहे. मोझिलाचं पाँटून, लिब्रेऑफिसचं वेबलेट, विकिमीडियासाठी ट्रान्सलेटविकी, तिथे ब्राउझरमध्येच काम होतं, बिल्डची कटकट नाही.

एआय आणि बाकीची गर्दी

एआयने लिहून घ्यायचं का, तर आधी प्रोजेक्टचा नियम बघा. जेंटू आणि नेटबीएसडी या दोन ऑपरेटिंग सिस्टिम्सनी २०२४ मध्येच एआयने लिहिलेला कोड नको म्हणून सांगितलंय, काही ठिकाणी चालतो पण तसं नमूद करावं लागतं. कर्ल या डाउनलोडच्या टूलमध्ये तर एआयने बनवलेले खोटे सिक्युरिटी रिपोर्ट इतके यायला लागले की २०२६ मध्ये त्यांनी बग बाउंटीच (बग शोधणाऱ्याला बक्षीस) बंद केली. नियम काहीही असो, रिव्ह्यूमध्ये "ही ओळ का?" असं विचारल्यावर स्वतः उत्तर देता येत नसेल तर तो पीआर टाकू नका.

मेंटेनर नवख्यांना बघून सावध का होतात हेही समजून घ्या. २०२० च्या हॅक्टोबरफेस्टला (ऑक्टोबरभर पीआर टाकायचा उपक्रम) फुकट टी-शर्टसाठी लोकांनी रीडमीमध्ये एखादा शब्द बदलून इतके पीआर टाकले की महिना संपायच्या आधीच नियम बदलावे लागले, तेव्हापासून ज्या रेपोने स्वतःहून भाग घेतलाय तोच मोजला जातो. २०२४ च्या सुरुवातीला एक्सप्रेस या नोडच्या फ्रेमवर्कच्या रीडमीमध्ये स्वतःचं नाव घालणारे पीआर धडाधड येऊन पडले, कारण एका ट्यूटोरियलमध्ये उदाहरण म्हणून तसं दाखवलं होतं. आणि त्याच वर्षी मार्चमध्ये एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या लायब्ररीचं प्रकरण, दमलेल्या एकट्या मेंटेनरला मदत करत करत कोणीतरी दोनेक वर्षं विश्वास कमावला आणि मग बॅकडोअर (चोरदरवाजा) घुसवलं. तेव्हा तुमच्या पहिल्या पीआरवर सीआय (टेस्ट आपोआप चालवणारी सोय) आपोआप चाललं नाही, "मेंटेनरच्या मंजुरीची वाट" असं काहीतरी दिसलं तर मनाला लावून घेऊ नका, पहिल्यांदा येणाऱ्या सगळ्यांना तेच दिसतं.

समर ऑफ कोड वगैरे

गूगल समर ऑफ कोड २००५ पासून चालू आहे, २०२२ पासून फक्त स्टुडंटच पाहिजे ही अट गेली, १८ वर्षं पूर्ण आणि ओपन सोर्समध्ये नवखे असलात की झालं. प्रोजेक्ट ९०, १७५ किंवा ३५० तासांचे असतात. संस्थांची यादी साधारण फेब्रुवारीत येते आणि अर्ज मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात सुरू होतात, आणि बहुतेक मुलं यादी आल्यावर जागी होतात, तोवर त्या संस्थांच्या चॅटवर तोबा गर्दी. आदल्या दोन-तीन वर्षांच्या याद्या वेबसाइटवर असतात, वर्षानुवर्षं येणाऱ्या संस्था त्यातून कळतात, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच एक पकडा आणि वरची सगळी चाचणी तिला लावा. सिंपायसारख्या काही संस्थांना अर्जाआधी एक तरी मर्ज झालेला पॅच लागतोच. आउटरीची ही इंटर्नशिप वर्षातून दोनदा असते, ज्यांना या क्षेत्रात भेदभावामुळे संधी कमी मिळते त्यांच्यासाठी, स्टायपेंड ७,००० डॉलर, तिथेही निवडीआधी काँट्रिब्युशन करावंच लागतं. लिनक्स फाउंडेशनची एलएफएक्स मेंटॉरशिप वर्षातून तीनदा. फक्त अर्जासाठी प्रोजेक्ट निवडलात तर सिलेक्शन झालं नाही की तो प्रोजेक्टही सुटतो, म्हणून यादी स्वतःच्या वापरातून काढा असं वर सांगितलं.

पीआर टाकल्यावर

दोन आठवडे शांत राहा, मग एक साधी कॉमेंट, "यावर माझ्याकडून अजून काही हवंय का?" तरी उत्तर नाही आलं तर आणखी दोन आठवड्यांनी चॅटवर एकदा. चार-चार मेंटेनरना टॅग करणं, पर्सनल मेल करणं नको. वाट बघताना हात रिकामे ठेवू नका, त्याच प्रोजेक्टमधल्या दुसऱ्यांचे पीआर आपल्या मशीनवर चालवून बघा आणि काय दिसलं ते लिहा, त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. महिना दीड महिना गेला आणि काहीच हललं नाही तर यादीतला दुसरा प्रोजेक्ट घ्या, पीआर उघडाच राहू द्या.

आणि मर्ज झाला तर लगेच नवीन प्रोजेक्ट शोधायला पळू नका. दहा रेपोंमध्ये एकेक टायपो सुधारलेल्या माणसापेक्षा एकाच ठिकाणी सहा महिने टिकलेल्याला मेंटेनर ओळखतात, रिव्ह्यू मागतात, पुढे शिफारसही देतात. ज्या फाइलमध्ये आत्ता काम केलंत ती अजून डोक्यात ताजी आहे, तिच्याशी संबंधित उघडे इश्यू शोधा आणि दुसरा तिथूनच उचला.